पारंपरिक कोळेकर

आमच्या सकाळी फिरायला जाणाऱ्यांचा मोबाइलवर एक ग्रुप आहे. फिरायला तिघंच येतात, ग्रुपवर मात्र अर्धं गाव आहे. परवा त्यावर आमचे निवृत्त हेडमास्तर पाटील सर यांनी एक गाणं टाकलं. खाली लिहिलं होतं, 'अप्रतिम पारंपरिक बंदिश. आपला थोर वारसा. शांत चित्ताने ऐका.' पुढं जोडलेले हात, कमळं, समया, सगळी आरास. मी ऐकलं. गौड मल्हार होता. पुण्याची एक नावाजलेली गायिका गात होती, 'उत बरसे, इत ना बरसे, कारे बदरा.'

आता हे पाटील सर म्हणजे तेच, ज्यांनी हीच बंदिश आमच्या शाळेच्या कोपऱ्यातल्या खोलीत चालू असताना शिपाई पाठवून दार लावून घ्यायला सांगितलं होतं. का, तर ऑफिसात त्यांचा डोळा लागत नव्हता. तेव्हा वारसा झोपेच्या आड येत होता. मी ग्रुपवर लिहिलं, 'सर, ही आपल्या कोळेकरांची.' त्यांनी अंगठा दाखवला. त्या अंगठ्याचा अर्थ 'कळलं' असा नसतो, 'बरं बरं, पुढं चला' असा असतो, हे एव्हाना मलाही माहीत झालंय.

तर बिराप्पा कोळेकर. इस्लामपुरातल्या आमच्या शाळेत ते संगीत शिकवायचे आणि मी भूगोल. शाळेला या दोन्ही विषयांची सारखीच किंमत होती. गणिताचा जादा तास घ्यायचा झाला की आधी संगीताचा तास जायचा, मग भूगोलाचा. त्यामुळं आम्ही दोघं बऱ्याचदा एकाच वेळी बिनकामाचे होऊन स्टाफरूममध्ये बसलेलो असायचो. मैत्री अशीच झाली.

ते कवठे महांकाळकडचे, मेंढपाळाच्या घरातले. वडील दरवर्षी कळप घेऊन आमच्या ऊसपट्ट्यात यायचे, रानात खतासाठी मेंढरं बसवायला. त्या घरातला हा गडी गवई कसा झाला, असं विचारलं की म्हणायचे, "मिरजेत ऱ्हायलो. कान उघडे हुते." याहून जास्त चरित्र त्यांनी कुणाला दिलं नाही आणि गावानंही कधी मागितलं नाही.

आता तुम्हाला वाटेल, हा कुणी गरीब, नम्र, खाली मान घालून जाणारा कलावंत असणार. छे हो! नम्रता आणि कोळेकर यांची कधी गाठच पडली नव्हती. गाणं झाल्यावर कुणी "वा सर, छान!" म्हणालं की हे डोळे बारीक करून विचारायचे, "तुमाला कशावरनं कळलं?" समोरचा तिथंच गार. एका गॅदरिंगला पहिल्या रांगेतले पाहुणे डुलत होते, तर माझ्या कानाशी म्हणाले, "मेंढरं बरी रं जाधवा. भलत्या जाग्याला माना हालवत न्हाईत."

साखर कारखान्याच्या गावात हा माणूस बिनसाखरेचा चहा प्यायचा. स्टँडसमोरच्या चहावाल्याला तो अपमान वाटायचा. "सर, आमच्या तालुक्याची साखर अशी काय वाईट हाय?" तो विचारायचा. कोळेकर म्हणायचे, "तालुका आधीच लय ग्वाड हाय." रस्त्यानं चालताना उजव्या हाताची बोटं मांडीवर ताल धरून असायची आणि सम आल्याशिवाय रस्ता ओलांडायचा नाही, असा त्यांचा नेम. सम म्हणजे तालाचं आवर्तन फिरून जिथं परत येतं ती मात्रा. ती येईपर्यंत एसटी थांबो, उसाची गाडी थांबो, ड्रायव्हर आईबापाचा उद्धार करो, कोळेकर कडेला उभे. एकदा मी हात धरून ओढलं तर म्हणाले, "आता पयल्यापास्नं सुरू कराय लागलं की!"

शिक्षणखात्याचे एक साहेब तपासणीला आले, तेव्हाचं सांगतो. साहेबांना संगीताची आवड. आवड असलेला साहेब फार वाईट, एक वेळ नसलेला परवडतो. कोळेकरांनी पाचवीच्या पोरींना झपतालातली एक चीज म्हणायला लावली. साहेब खुर्चीत रेलून टाळ्या वाजवायला लागले आणि त्या भजनाला वाजवतात तशा वाजवायला लागले. पोरी गोंधळल्या. कोळेकरांनी गाणं थांबवलं आणि शांतपणे म्हणाले, "साहेब, हात जरा मांडीखाली घिऊन बसा. पोरी चुकाय लागल्यात." पाटील सरांचा चेहरा त्या वेळी बघण्यासारखा झाला होता. साहेब हसले. मोठे लोक असं हसले की काय होतं ते सगळ्यांना माहीत आहे. जूनमध्ये कोळेकरांची बदली संस्थेच्या शिराळ्याच्या, म्हणजे नागपंचमीला जिवंत नाग पुजणाऱ्या गावातल्या शाळेत झाली. तिथं पहिल्याच दिवशी एका पालकानं विचारलं, "संगीताचं मास्तर म्हंजी पुंगी वाजवता काय वो?" कोळेकरांनी मला हे सांगितलं तेव्हा मला वाटलं चिडले असतील. तर म्हणाले, "खरं सांगू का, निदान त्येनं इचारलं तरी. हितं कुणी तेवढंबी इचारलं न्हाई." दोन वर्षांनी ते परत आले, कारण बदलून आलेल्या मास्तरांना प्रार्थनेची पट्टी सापडेना.

पण खरं सांगायचंय ते त्यांच्या रचनांचं. हा माणूस बंदिशी बांधायचा. एकदोन नव्हे, ढिगानं. आणि त्याची रीत जगावेगळी होती. बांधलेली चीज कागदावर उतरवायची नाही. एक पावसाळा तशीच सोडायची. तेवढ्यात स्वतःच विसरले तर ती गेली, तिची लायकी तेवढीच. ध्यानात राहिली तर ती पहिल्यांदा पाचवीच्या पोरींना शिकवायची. "पोरींच्या तोंडात बसली तर बंदिश. न्हाईतर नुसती कसरत," असा त्यांचा न्याय. म्हणजे ज्या रचना आज पुण्या-मुंबईत तिकीट लावून ऐकतात, त्या पहिल्यांदा गायल्या त्या आमच्याकडच्या वेण्या घातलेल्या पोरींनी, आणि त्यातल्या निम्म्यांच्या दप्तरात उसाची कांडी असायची.

'उत बरसे' जन्मली तेव्हा मी जवळच होतो. श्रावणात ते गावी जाऊन आले. इकडं आमच्याकडं नदीकाठाला पाणी ओसंडत होतं, उसात कंबरभर चिखल. तासगाव ओलांडलं तशी एसटीच्या काचा कोरड्या झाल्या आणि त्यांच्या गावात तर बाजरी वाळून उभी. ढग डोक्यावरून चाललेत, थांबत एक नाही. सोमवारी स्टाफरूममध्ये आले आणि टेबलावर ताल धरून गायला लागले. तिकडं बरसतोस, इकडं का नाही, काळ्या ढगा? जगातले सगळे मल्हार ढगाला या या म्हणतात, आमच्या कोळेकरांचा मल्हार ढगाशी भांडतो. मी पर्जन्यछायेचा प्रदेश शिकवायला फळा भरून नकाशे काढायचो. त्या दिवशी मला रडू आलं, खोटं कशाला बोलू.

मग ही बंदिश यांच्या हातून गेली कशी? कुणी चोरली असं म्हणायची सोय नाही. यांनीच घालवली.

दर रविवारी ते मिरजेला जायचे, तंबोरे करणाऱ्यांच्या गल्लीत. एका कारागिराच्या दुकानात बसून नव्या तंबोऱ्यांवर गाऊन बघायचे. तिथं बाहेरगावचे गवई यायचे, तंबोरे न्यायला, तारांची आस नीट घुमावी म्हणून घोडीची जवारी काढून घ्यायला. कोळेकर आपली नवी चीज लावायचे. गवई थबकायचा. विचारायचा, "कुणाची हो ही?" आणि इथं आमचे हे गृहस्थ, सरळ 'माझी' म्हणायचं सोडून, मिशीत हसून म्हणायचे, "ओळखा."

गवई विचार करायचा. दोनशे वर्षांपूर्वीच्या कुणा दरबारी उस्तादाचं नाव घ्यायचा. झालं! कोळेकरांना स्वर्ग दोन बोटं उरायचा. कवठे महांकाळच्या मेंढक्याच्या पोराची चीज दोनशे वर्षं जुनी वाटली, याहून मोठी पदवी कुठली? ते नाव दुरुस्त करायचे नाहीत. गवई ती चीज घोकून गावाला जायचा आणि तिथं सांगायचा, फार जुनी आहे. इकडं हे सोमवारी मला सांगायचे, "काल एकानं दिल्ली दरबारातली म्हनून वळकली!" लॉटरी लागल्यासारखा चेहरा. मी म्हणायचो, "अहो, पण तुमचं नाव?" त्यावर ते माझ्याकडं मी भूगोलाचा मास्तर असल्यासारखं बघायचे. आता मी होतोच, त्याला इलाज नव्हता.

त्यांच्या बायकोला, सोनाक्कांना, हे अजिबात मंजूर नव्हतं. त्यांना गाण्यातलं कळत नव्हतं, पण कळपातलं चांगलं कळत होतं. बंदिशीच्या शेवटच्या ओळीत रचणाऱ्यानं आपलं टोपणनाव गुंफायचं, अशी गवयांत चाल आहे. त्याला मुद्रा म्हणतात. हे मी एकदा त्यांच्या घरी बोलून गेलो आणि बाईंनी ते धरूनच ठेवलं.

"आवं, मेंढराच्या पाटीवर रंग लावत्यात त्यो काय मेंढराला नटवाया? कळपात कळप मिसळला की आपलं कंचं ते कळाया नगं?"

"माझं मेंढरू मला चालीवरनं वळकू येतंय."

"तुमाला येतंय वो. लोकास्नी?"

"लोकास्नी न्हाई आलं तर लोकांचं कान फुटलं."

"कान लोकांचं फुटू द्या, नाव तुमचं बुडतंय!" बाई कडाडल्या. कोळेकर मान वळवून बोटांनी ताल धरून बसले. हे भांडण मी त्या घरात इतक्यांदा ऐकलं, की दोघं थकले तर मी दोन्ही बाजूंनी चालवलं असतं. सोनाक्कांची एकच इच्छा होती. हा माणूस डोळे मिटायच्या आत एकदा तरी चारचौघांत म्हटलं जावं, की हे ह्यांचं आहे. आणि कोळेकर कितीही ताठ बसले तरी त्यांनाही तेच हवं होतं. फक्त ते दुसऱ्या कुणीतरी ओळखून म्हणावं, असा हट्ट होता.

कोळेकर सर ऐंशीचे झाले आणि गावाला एकदम जाग आली. सहस्रचंद्रदर्शन सोहळा! समिती झाली. समितीत पाटील सर अध्यक्ष, म्हणजे दार लावून घेणारेच दार उघडायला. सरांना घट्ट फेटा बांधला, शाल घातली, आणि सन्मानचिन्ह म्हणून प्लॅस्टिकची सतार दिली. सतारीच्या पोटात घड्याळ. सर गवई, सतारीला त्यांनी आयुष्यात बोट लावलेलं नाही, पण वाद्याची दुकानं मिरजेत आणि सन्मानचिन्हाची दुकानं आमच्याकडं, त्याला कोण काय करणार. नेते दोन तास उशिरा आले. म्हणाले, "सरांच्या हातचा मार मीसुद्धा खाल्लाय." कोळेकरांनी मला मोठ्यानं विचारलं, "ह्यो साताऱ्याला शिकला न्हवं?" भाषणांत शिस्त आली, संस्कार आले, सरांनी हजारो मुलांना राष्ट्रगीत कसं शिकवलं ते आलं. बंदिशींचा ब सुद्धा कुणी काढला नाही.

मग गाणं. पुण्याहून एक गुणी मुलगी आली होती, तीच, जिचं गाणं परवा पाटील सरांनी टाकलं. गोड गळा, शिकलेली, तिला नावं ठेवायचं कारण नाही. ती म्हणाली, "आता आमच्या गुरुजींकडून आलेली एक अतिशय जुनी, पारंपरिक बंदिश सादर करते." आणि आधी अर्थ समजावला. नायिका विरहानं व्याकूळ आहे, प्रियकर सवतीकडं रमलाय, तिकडं बरसतोस, इकडं का नाही.

पहिल्या रांगेतून आवाज आला, "बाई, ती नायिका न्हाई. बाजरी हाय."

सभागृह हसलं. निवेदक म्हणाला, "सर आज मूडमध्ये आहेत!" मुलीनं हसून गायला सुरुवात केली. आणि तिनं दुसरी ओळ उचलली तशी मागं बायकांच्या रांगांतून हलकेच गुणगुण सुरू झाली. मग ती वाढली. चाळिशी-पन्नाशीच्या बायका, कुणी अंगणवाडीत, कुणी दूधसंकलनावर, कुणी गुडघे धरून बसलेली, सगळ्या सुरात गात होत्या, आणि सम चुकवत नव्हत्या. आमच्या पाचवीच्या पोरी! मुलगी थांबली. "तुम्हाला ही बंदिश कशी येते?" तिनं चकित होऊन विचारलं.

"आमाला शाळंत हुती की," एकजण म्हणाली.

मुलीनं भारावून हात जोडले. "बघा, परंपरा किती खोलवर रुजलेली असते!" टाळ्यांचा कडकडाट. मला वाटलं, कपाळ बडवून घ्यावं.

मी उठून उभा राहिलो आणि ओरडलो, "अहो, ही कोळेकर सरांनी स्वतः बांधलीय!" निवेदक तयारच होता. "जाधव सरांच्या भावनांशी आपण सारे सहमत आहोत. कोळेकर सर म्हणजे स्वतःच एक परंपरा आहेत!" पुन्हा टाळ्या. तेवढ्यात सोनाक्का उठल्या. पदर खोचून, व्यासपीठाकडं नाही, नवऱ्याकडं बघत म्हणाल्या, "आवं, सांगा की! आता तर सांगा!"

मुलगी शहाणी होती. काहीतरी आहे हे तिच्या ध्यानात आलं. ती माईक घेऊन खाली आली, सरांसमोर वाकली आणि म्हणाली, "सर, तुम्हीच सांगा. कुणाची आहे ही?"

असं शांत सभागृह मी आमच्या गावात कधी पाहिलं नाही. एक शब्द पुरला असता. कोळेकर उभे राहिले. तोंड उघडलं. आणि मग ती जुनी मिरजेची खोड वर आली. मिशीत हसून म्हणाले, "ओळखा."

मुलीनं प्रामाणिकपणे विचार केला आणि आदरानं कान पकडून दोनशे वर्षांपूर्वीच्या एका दरबारी गवयाचं नाव घेतलं. टाळ्या. कोळेकर हसले. मग हळूहळू ते हसू उतरलं आणि ते खाली बसले. फेटा डोळ्यांवर आला होता, तो वर करायचंही त्यांना सुचलं नाही.

बाहेर आल्यावर मी भडकलो. "सर, तुमच्या तोंडात काय दगड होता?"

"आपल्या तोंडानं कसं सांगायचं रं?" ते म्हणाले. "तिला कळाय पायजे हुतं."

"तिला कसं कळेल? तुम्ही जन्मभर लपवलंत!" त्यावर त्यांनी फेटा उतरवून काखेत मारला. सोनाक्का तर पुढं कितीतरी दिवस नवऱ्याशी बोलल्या नाहीत. फक्त त्यांच्या चहात साखर घालायला लागल्या, दोन दोन चमचे. ते मुकाट्यानं पीत होते.

दिवाळी झाल्यावर त्यांच्या छातीत कफ भरला आणि मिरजेच्या दवाखान्यात ठेवलं. मी एसटीनं बघायला गेलो. दुपारची वेळ होती. कोळेकर फार वाळले होते, नाकातोंडावर ऑक्सिजनचा मास्क. सोनाक्का स्टुलावर खिडकीकडं तोंड करून बसल्या होत्या. बोलणं अजून बंदच, पण हात त्यांच्या पायावर होता. शेजारच्या खाटेवर कुणी म्हातारा होता आणि त्याचा मुलगा बापाला बरं वाटावं म्हणून मोबाइलवर हळू आवाजात काहीबाही लावत होता. अभंग झाले, भावगीतं झाली, आणि मग त्यात ते आलं. गौड मल्हार. त्याच मुलीचा आवाज.

एक तरुण सिस्टर कोळेकरांच्या हातावर शीर शोधत होती. सहज, बोलायचं म्हणून ती त्या मुलाला म्हणाली, "छान आहे हो. कुणाचं आहे?"

मुलगा म्हणाला, "काय की. जुनं हाय कायतरी."

मी तोंड उघडणार, तोच सोनाक्कांनी मान वळवून माझ्याकडं असं पाहिलं, की मी गप्प बसलो. आणि परत खिडकीकडं बघायला लागल्या.

कोळेकरांनी मोकळ्या हातानं मास्क खाली ओढला.

"माझं हाय," ते म्हणाले.

सिस्टरनं वर पाहिलं. "काय म्हणता आजोबा?"

"ह्ये गाणं. मी बांदलंय." दम लागला. दम घेतला. "माझं हाय. बिराप्पा कोळेकर. कवठे महांकाळ."

"बरं बरं, तुमचं, तुमचं," सिस्टर लहान मुलाला म्हणावं तसं म्हणाली आणि मास्क परत चढवायला लागली. "आता बोलायचं नाही हं. त्रास होईल."

सोनाक्का उठल्या. त्यांनी सिस्टरचा हात धरला, मास्कासकट.

"बोलू द्या की वो बाई त्येस्नी," त्या म्हणाल्या. "जल्मभर गप बसल्यात."